एक जानेवारी ऐंशी

२१ नोव्हेंबर १९८८, सोमवार

सातची सावनेर बस. खिडकीची काच वर सरकत नाही. खाणीच्या ऑफिसात पोचेपर्यंत पाय बधिर.

मशीन सुरू केलं. त्याने तारीख विचारली. रोज विचारतं. आत बॅटरी नाही, बंद केलं की काळ विसरतं, आणि सकाळी त्याला वाटतं आज १ जानेवारी १९८० आहे. खरी तारीख टाइप करायची असते. मी काहीच न टाइप करता एंटर दाबतो. मी नसलो तर दुसरा कोणी दाबतो. मार्चमध्ये मशीन आलं तेव्हापासून इथे ऐंशी सालचा पहिलाच दिवस चालू आहे.

छताच्या साठलेल्या चिठ्ठ्या मशीनमध्ये भरल्या. सात नंबर: एक, एक, दोन. मिलिमीटर. खाणीतल्या सात नंबर गल्लीचं छत रोज किती खाली येतं ते नामदेव धोटे मोजतो. ओव्हरमन आहे, पाळीतल्या माणसांचा प्रमुख. चिठ्ठीवरचं अक्षर शाळेतल्या मुलासारखं, ठसठशीत. पाळी सुरू करताना तो माणसांना म्हणतो, छत पाहून चाला. मार्चमध्ये मी तेच रोमन अक्षरांत मशीनमध्ये घातलं; प्रोग्रॅम उघडला की पहिल्यांदा ते दिसतं. धोटे पाहायला आला होता. मी कारकून, पण इथे सगळे मास्तर म्हणतात. म्हणाला, "मास्तर, आता हे बी म्हणते का?"

घरी कुमुदचा गुडघा पुन्हा. तेल लावून दिलं.

२४ नोव्हें., गुरु.

पाच वाजता धोटे वर आला. चिठ्ठी: नऊ. काल तीन होते. सहाच्या वर गेलं की मॅनेजर साहेबांना लगेच कळवायचं, असा नियम. साहेब वर्ध्याला, मीटिंग.

धोटे म्हणाला, "साहेबाले तुम्हीच सांगा जी. मी खाली जाऊन राहिलो."

उद्या सांगतो म्हणालो. चिठ्ठी लगेच भरली, खिळ्याला टोचली, मशीन बंद केलं. सव्वापाचची बस जेमतेम मिळाली. स्टँडवर संत्र्यांच्या पेट्या, चढायला जागा नाही.

हाताने लिहायच्या नोंदवहीच्या काळात साहेबांची रोज संध्याकाळी सही लागायची. आता शनिवारी छापील कागद जातो, आठवड्याचा एकदम. काम कमी झालं.

२५ नोव्हें., शुक्र.

साहेब चारला आले. बरोबर पाहुणे, वरच्या ऑफिसचे. चहा दोनदा आत गेला. दाराशी एकदा जाऊन उभा राहिलो. ते हसत होते. परत येऊन बसलो.

सांगायचं राहिलं. सात नंबरची आजची चिठ्ठी वर आली नाही. उद्या कागदच जाईल.

२६ नोव्हें., शनि.

काल संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला सात नंबरचं छत बसलं. धोटे आणि बरोबरचे दोघे. तो त्यांना घेऊन लाकडी टेकू लावायला गेला होता. तिघेही.

मला सावनेरच्या स्टँडवर कळलं. चहावाल्याने सांगितलं.

ऑफिसात कोणी बसलेलं नव्हतं. चौकीदाराने शनिवारच्या सवयीने खिळ्यावरच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या काढल्या आणि शेगडीत घातल्या. मी तिथेच होतो. पाहत होतो. त्यात ती एक आहे हे धूर निघाल्यावर लक्षात आलं.

मशीन सुरू केलं नाही. कागद कोणी मागितला नाही.

२७ नोव्हें., रवि.

कोलार नदीच्या काठावर तिन्ही चिता. माणसं तीन ठिकाणी वेगवेगळी उभी होती.

२९ नोव्हें., मंगळ.

दुपारी खाणीचे पंप सुरू झाले तसा व्होल्टेजचा हिसका बसला. मशीनच्या मागून धूर, जळक्या रबराचा वास. बंद. पुन्हा सुरू झालं नाही. सकाळपासून मी त्यावर पगाराची यादी करत होतो. छताचा प्रोग्रॅम उघडला नव्हता. मुद्दाम नाही.

साहेब बाहेर आले, पाहिलं. म्हणाले, म्हणजे रेकॉर्डही गेलं.

१ डिसेंबर, गुरु.

चौकशी अधिकारी बाहेरून आलेत. शांत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. साहेब बाजूच्या खुर्चीत संत्रं सोलत होते. खोलीभर वास.

अधिकारी म्हणाले, चोवीस तारखेला धोट्यांनी सात नंबरचं माप दिलं होतं का?

मी म्हणालो, "रोज देत. त्या दिवसाचं नक्की आठवत नाही."

लिहून घेतलं. सही केली. सहीखाली तारीख घातली.

परतीच्या बसमध्ये उभाच राहिलो. जागा होती.

४ डिसें., रवि.

धोटेची बायको घरी आली. शेवंताबाई. पत्ता कुठून मिळाला विचारलं नाही. कुमुदने पाणी दिलं, ते धरून बसून राहिली.

खाणीत म्हणतात, धोटेने माप घेतलंच नाही आणि न मोजलेल्या छताखाली माणसं नेली. कागदावरही तेच येणार. गेलेल्या दोघांची घरं हिच्या शेजारचीच. तिन्ही घरांचा नळ एक.

म्हणाली, "त्या दोघी मले म्हणते, तुह्या नवऱ्यानं आमचे नेले वं. मी नळावर गेली की त्या घागर उचलते. मले फक्त एवढं सांगा जी, त्यायनं मोजलं होतं का नव्हतं?"

मी म्हणालो, मशीनमध्ये असेल, ते जळलं आहे, बघतो काही होतं का.

कु. माझ्याकडे पाहत होती. शेवंताबाई गेल्यावर म्हणाली, "तुम्ही मशीनचं सांगितलंत. तिने तुम्हाला विचारलं होतं."

६ डिसें., मंगळ.

सीताबर्डीला हबीबभाईकडे. आमचा रेडिओ त्यानेच दोनदा जिवंत केला. आता दुकानात दोन कंप्यूटर उघडे पडलेले. म्हणाला, रेडिओवरून टीव्ही, टीव्हीवरून हे, माझी तर बढतीच होऊन राहिली मास्तरजी, पगार तेवढा कोणी वाढवत नाही.

त्याला सांगितलं. सगळं नाही.

त्याचं म्हणणं: जळालं ते वीज देणारं खोकं, फार तर मोठा बोर्ड. डिस्क वेगळी असते, लोखंडी पेटीत बंद. तिच्यातच मशीन चालवणारी सिस्टिम, तिच्यातच आपलं लिहिलेलं. काढायची, दुसऱ्या मशीनला जोडायची. "डिब्बा बदलतो, मास्तरजी. आतला माणूस तोच उठतो."

९ डिसें., शुक्र.

अधिकाऱ्यांना भेटलो. मुक्काम सिव्हिल लाइन्सला. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे खोली मिळाली नाही, कोणाच्या तरी व्हरांड्यात टेबल. डिस्क काढायची लेखी परवानगी मागितली.  म्हणाले, तुम्हाला आठवत नव्हतं ना?

मी म्हणालो, म्हणूनच.

दिली.

११ डिसें., रवि.

हबीबभाई बरोबर. चौकीदाराने कागद दोनदा वाचला, कुलूप काढलं. झाकण उघडलं, आत काजळी. चार स्क्रू. डिस्क विटेएवढी, विटेहून जड.

हबीब म्हणाला, बंद करण्याआधी आतल्या सुया बाजूला टेकवून ठेवायच्या असतात. हे अचानक मेलं. सुया कुठे थांबल्या देव जाणे, धक्का लागला तर चरा पडेल.

कु.ने दिलेल्या दुलईत गुंडाळली. बसमध्ये मांडीवर. पाटणसावंगीच्या पुढे रस्ता खणलेला. प्रत्येक खड्ड्याला मी जागेवरून अधांतरी. शेजारच्या बाईने दुलईचा कोपरा उचलून पाहिलं, सरकून जागा दिली.

१२ डिसें., सोम.

रजा. हबीबच्या मशीनला डिस्क जोडली. फिरली, शिट्टीसारखा बारीक आवाज. पडद्यावर: अशी डिस्क नाही.

तारा काढून पुन्हा लावल्या. तेच. हबीबने इंग्रजी पुस्तक काढलं, बोट फिरवत वाचलं. म्हणाला, माझ्या मशीनचं कार्ड, म्हणजे डिस्कशी बोलणारा छोटा बोर्ड, या डिस्कला ओळखत नाही. ओळख करून द्यायची तर डिस्क आधी कोरी करावी लागते. पडद्यावर तसा प्रश्नही आला: करू का, हो की नाही.

त्याचा हात कीबोर्डपाशी. तो माझ्याकडे पाहत होता.

इथे खरं लिहायचं आहे. एक क्षण मला वाटलं, होऊ दे. कोरी झाली तर कोणाचाच दोष नाही. मेकॅनिककडे गेली, पुसली. मी प्रयत्न केला होता, असं सगळ्यांना सांगता येईल.

"नाही" म्हणालो.  पुन्हा म्हणालो.

हबीबने मशीनच बंद केलं. मग कपाळाला हात लावला. डिस्कवर लिहिलं जातं ते ज्या कार्डामार्फत, वाचता येतं त्याच कार्डाला. ते कार्ड आपण खाणीतच ठेवून आलो, जुन्या डब्यात. "तीस वर्षं रेडिओ उघडले, मास्तरजी. माणूस आणला, जीभ तिकडेच राहिली."

१४ डिसें., बुध.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं नाही. आवाजही चढवला नाही.

म्हणाले, "डिस्कमध्ये नऊ निघो की नव्वद. त्या गुरुवारी किंवा शुक्रवारी मला कोणी काही सांगितलं नाही. हे मला माहीत आहे. आणि तुम्हालाही माहीत आहे."

खरं आहे.

पण नऊ हा आकडा मी अजून कोणालाच सांगितलेला नाही. त्यांना कुठून कळला? की सहज तोंडात आला? दिवसभर तेच.

१८ डिसें., रवि.

सकाळी पहिल्या बसने जाऊन कार्ड आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, शर्टाच्या आत. बर्डीवर मोर्चा, पोलिसांनी रस्ता अडवलेला. झेंडे पुढे जाईपर्यंत दीड तास फुटपाथवर.

हबीबने आपलं कार्ड काढलं, आमचं बसवलं. दोन पट्ट्या जोडल्या. डिस्क फिरली. खाणीतली ती शिट्टी, मग कुणी नखाने टेबल वाजवावं तशी टिकटिक. पडदा थोडा वेळ काळा. नंतर तारीख विचारली: मंगळवार, १-१-८०.

त्याच मशीनची तीच सवय, दुसऱ्याच्या दुकानात. माझं बोट एंटरवर जाऊन पोचलेलं होतं. उचललं. १८-१२-८८ टाइप केलं. मार्चपासून पहिल्यांदा.

प्रोग्रॅम उघडला. छत पाहून चाला.

हबीबने रोमन अक्षरं मोठ्याने वाचली आणि दुकानाच्या छताकडे पाहिलं. मग मला विचारलं, कोणी लिहिलं? मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

परत आलो. सात नंबरची यादी. शेवटची ओळ: ९. आहे. काही गेलेलं नाही.

शेजारच्या रकान्यात तारीख. ती आम्ही भरत नाही, प्रोग्रॅम स्वतः मशीनकडून घेतो. ०१-०१-८०. वरच्या ओळीला तीच. त्याच्या वरच्या ओळीला तीच. आठ महिन्यांच्या सगळ्या ओळींना ०१-०१-८०.

हबीबला उशिरा कळलं. कळल्यावर त्याने चहा मागवला आणि त्याचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत.

१९ डिसें., सोम.

अधिकारी दुकानात येऊन स्वतः पाहून गेले. उकिडवे बसून, चष्मा वर करून. माझ्यावर उपकार केल्यासारखं नाही, रागानेही नाही.

म्हणाले, नऊ आहे, मान्य. पण छत पंचवीसला पडलं आणि मशीन एकोणतीसला जळालं. मधल्या चार दिवसांत कोणीही बसून एक ओळ घालू शकतं. तुम्हीही. ही ओळ चोवीसची आहे हे कशावरून?

रोज सकाळी तारीख टाइप करायचा आळस. दुसरं काही नाही.

जाताना म्हणाले, तीन तारखेला शेवटची सुनावणी. कोणाला काही आठवलं तर तोवर.

२२ डिसें., गुरु.

आज ही वही मागे चाळली. २४ नोव्हें. तिथे आहे. धोटे, पाच वाजता, नऊ. त्याने काय म्हटलं ते. मी काय म्हटलं ते. आणि २५ चं पान. दाराशी एकदा जाऊन उभा राहिलो.

धोटेला सोडवणारी ओळ आणि मला पकडणारी ओळ यांत दोन बोटांचं अंतर.

कु.ला सांगितलं. आधी काय घडलं ते, मग वहीचं. ती तांदूळ निवडत होती. थांबली नाही. शेवटी विचारलं, "यात जुलै आहे?"

आहे. जुलैत ती एकोणीस दिवस अमरावतीला बहिणीकडे होती. का गेली ते तिला माहीत; मी काय लिहिलं तेही तिने ओळखलं असावं. वाचलेलं नाही. बावीस वर्षांत तिने माझी एकही वही उघडली नाही.

म्हणालो, तेवढी पानं फाडतो.

म्हणाली, "फाटलेली वही कोण खरी मानेल?"

२५ डिसें., रवि.

खाणीच्या वसाहतीत, शेवंताबाईकडे. भिंतीवर धोटेचा टोपीला लावायचा जादा दिवा, चार्जरला लावलेला, तसाच. नोकरीचा दिवा परत करावा लागतो. कोणी मागायला आलेलं नाही.

बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. त्यायनं मोजलं होतं. नऊ. मला चिठ्ठी दिली. साहेबांना सांगा म्हणाला. मी उद्या म्हणालो. सांगितलं नाही. चौकशीत विचारलं तेव्हा आठवत नाही म्हणालो. आठवत होतं.

तिने चहा ठेवला होता. उकळून बाहेर आला. तिने स्टो बंद केला, चहा गाळला नाही.

"म्हणजे मोजलं होतं."

"हो."

"नऊ."

"नऊ."

नळावर कोणाची तरी घागर भरत होती, आवाज वर वर चढत गेला.

म्हणाली, "मले कागदावर लिहून द्या. त्या दोघीले दाखवतो."

पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. सात नंबर, नऊ मिलिमीटर, नामदेव धोटे यांनी मोजून माझ्या हातात दिलं. सही. तिने कागद घेतला, वाचता येत नसावं असं वाटत होतं, पण येतं. परत दिला.

"तारीख घाला जी."

घातली.

दारापर्यंत आली. मला वाटलं काही बोलेल. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. "तुमचं तुम्ही पाहा," एवढंच म्हणाली आणि नळाकडे गेली. कागद हातातच. मी वळून पाहिलं नाही.

३१ डिसें., शनि.

कु.ने वही मागितली. दिली. खिडकीशी बसून सुईत काळा दोरा ओवला आणि जुलैची पानं कडेने शिवली. बारीक टाके, ब्लाउजला घालते तसे. पानांकडे पाहिलं नाही, नजर बोटांवर. मी पाहत होतो, शिवताना एकदा तरी ती वाचेल म्हणून.

गाठ मारली, दोरा दाताने तोडला. म्हणाली, "मी वाचलं नाही. दुसऱ्यानेही वाचू नये. बाकी सगळं द्या."

म्हणालो, अधिकारी दोरा कापा म्हणाले तर?

ती सुई डबीत ठेवत होती. 

नोकरी जाईल का, तिने विचारलं नाही. मीही काढलं नाही.

३ जानेवारी १९८९, मंगळवार

सिव्हिल लाइन्स. व्हरांडा. बाकावर बसून लिहितो आहे.

साहेब आत गेले. जाताना नमस्कार केला, मीही केला.

समोरच्या बाकावर शेवंताबाई. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्या दोघी. मधे दोन माणसांची जागा रिकामी. आज एका बसने आल्या की वेगवेगळ्या, माहीत नाही. कागद दाखवला का, विचारलं नाही. मघाशी त्यांतल्या धाकटीने संत्रं सोललं. अर्धं मधल्या रिकाम्या जागेवर रुमालावर ठेवलं. अजून तिथेच आहे.

वहीचंही मशीनसारखंच. २४ चं पान काल रात्री लिहिलं असं कोणीही म्हणेल. शाई सारखीच, हात माझाच. यात एकच गोष्ट माझ्या बाजूची नाही, ती म्हणजे मजकूर. स्वतःला अडकवणारं खोटं कोणी लिहीत नाही, त्याने पटलं तर पटेल. दोऱ्याबद्दल काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

आत ही दिली की आजचं पुढचं कुठे लिहायचं? कु.ने पिशवीत कोरी वही घातली आहे. आत्ता सापडली.

शिपाई बाहेर आला. माझं नाव. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी. आजची तारीख वर घातली आहे ना, ते पुन्हा एकदा पाहिलं.